कुकर, मीटर आणि वाण्याची यादी

मेथीच्या जुडीमागे पाच रुपये सुटले की दिवस सार्थकी लागल्यासारखं वाटतं. घासाघीस आपणच केलेली असते, जिंकलेली असते आणि सुटलेलं नाणं हातात असतं. रात्री मात्र आपण टीव्ही रिमोटने बंद करून झोपायला जातो आणि त्याच्याखालचा सेट-टॉप बॉक्स बारीक दिवा लावून जागाच राहतो. अशा अवस्थेतही बरेच बॉक्स दहाएक वॉट वीज खातात. दिवसातले वीस तास टीव्ही कोणी बघत नाही असं धरलं, तर दहा वॉटच्या हिशेबाने महिन्याला सहा युनिटं झाली. रुपयांत हे साधारण पंचाहत्तर होतात, म्हणजे पंधरा जुड्यांवरची घासाघीस. भिंतीवरचं बटण दाबायला घासाघीस लागत नाही, म्हणूनच ते राहून जातं.

घरखर्चातली बचत शोधताना बहुतेकांची नजर आधी जाते ती समोर माणूस उभा असतो तिथे: भाजीवाली, रिक्षावाला, कामाच्या मावशी. खरी गळती मात्र जिथे समोर कोणीच नसतं तिथे असते. पंखा फिरतो, डाळ उकळते, पास संपतो, गोळ्यांची पट्टी संपते. हे खर्च रोज किंवा दर महिन्याला होतात आणि दर वेळी काही आपण नव्याने ठरवून ते करत नाही. एकदा नीट बसवून दिले की बचतही तशीच न सांगता होत राहते. या प्रकरणात अशाच खर्चांकडे बघू. भाजीवालीला तिच्या पाच रुपयांसकट सोडून द्यायला माझी हरकत नाही.

पहिलं विजेचं बिल. ते घरोघरी येतं आणि रक्कम व शेवटची तारीख यापलीकडे कोणी वाचत नाही. महावितरणच्या बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क अशा ओळी असतात. स्थिर आकार घराला कुलूप लावून महिनाभर गावी गेलात तरी चुकत नाही. बाकीचं सगळं जळलेल्या युनिटांवर ठरतं. घरगुती दराचे टप्पे आहेत: १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्याच्या वर. पहिल्यातून दुसऱ्या टप्प्यात पाऊल टाकलं की युनिटमागचा वीज आकार दुपटीहून जास्त होतो.

‘शंभरच्या वर एक जरी युनिट गेलं तरी सगळं बिल वरच्या दराने लागतं’ हे वाक्य सोसायटीच्या जिन्यात हमखास ऐकू येतं. तसं नसतं. १४० युनिटं जळली तर पहिल्या १०० ला खालचा दर आणि वरच्या ४० लाच चढा दर लागतो. मात्र आपण जे युनिट वाचवतो ते नेहमी या वरच्या ४० मधलं असतं. म्हणून ‘एकूण बिल भागिले एकूण युनिटं’ असा सरासरी दर काढून बचतीचा अंदाज बांधला की तो कमीच निघतो. २०२५ च्या आसपासच्या दरांनी दुसऱ्या टप्प्यातलं युनिट वहन आकार आणि शुल्क धरून बारा-तेरा रुपयांना पडतं, पहिल्या टप्प्यातलं सातच्या आत-बाहेर. त्यामुळे शेजारणीने काय बदललं आणि तिचे किती वाचले, हे तिच्या बिलाचा टप्पा ठाऊक असल्याशिवाय आपल्याला लागू होत नाही.

पंख्याचं उदाहरण घेऊ. जुना छताचा पंखा ७० ते ७५ वॉटचा असतो, नवा बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास. पंखा रोज बारा तास फिरला तर जुना महिन्याला २७ युनिटं खातो, नवा अकरा. एका पंख्यामागे सोळा युनिटं वाचली. दुसऱ्या टप्प्यातल्या घराला हे महिन्याला दोनशे रुपये झाले, पहिल्या टप्प्यातल्या घराला शंभर-सव्वाशे. पंख्याची किंमत अडीच-तीन हजार धरली, तर दुसऱ्या टप्प्यातल्या घरात दोन उन्हाळ्यांत पैसे वसूल होतात, पहिल्या टप्प्यातल्या घराला बराच जास्त धीर धरावा लागतो. म्हणून घरातले सगळे पंखे एका फटक्यात बदलण्याच्या फंदात पडू नये. ज्या खोलीत म्हातारं माणूस दिवसभर असतं किंवा जिथे रात्रभर पंखा चालतो, तिथला आधी बदलावा. पाहुण्यांच्या खोलीतला जुना पंखा तसाच राहिला तरी काही बिघडत नाही. जुना पंखा ठेवायचाच असेल तर त्याच्या रेग्युलेटरला हात लावून बघा. मोठा चौकोनी, तापणारा डबा असेल तर पंखा हळू केल्यावर वाचलेली बरीचशी वीज तो डबाच उष्णतेत घालवतो. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर एवढा तापत नाही आणि काही शे रुपयांत मिळतो.

दिव्यांबद्दल फार सांगण्यासारखं उरलेलं नाही. २०१५ च्या जानेवारीत सुरू झालेल्या उजाला योजनेने एलईडी बल्ब इतके स्वस्त केले की ६० वॉटचा पिवळा बल्ब आता फार तर देवघरात किंवा गोठ्यात सापडतो. एसी असेल तर एकच गोष्ट. ऊर्जा दक्षता ब्युरोचा हिशेब असा की तापमान एका अंशाने वर ठेवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते. २०२० पासून नव्या एसींचं मूळ तापमान २४ अंशांवर लावलेलं येतं. ते खाली आणून वर पांघरूण घेणारी घरं मी पाहिली आहेत. गीझरचंही असंच. साठ अंशांचं पाणी काढून त्यात बादलीभर गार पाणी ओतायचं, तर ते साठ अंशांपर्यंत नेलंच कशाला? टाकी जितकी गरम, तितकी ती उभ्या-उभ्या उष्णता गमावते. खालच्या बाजूची छोटी चकती पन्नासच्या आसपास आणून ठेवावी आणि आंघोळी एकामागोमाग उरकाव्यात.

बिलावर आणखी एक बारीक मजकूर असतो: अमुक तारखेपर्यंत भरल्यास इतके, त्यानंतर भरल्यास इतके. लवकर भरणाऱ्याला थोडी सूट असते आणि उशीर करणाऱ्याला दंड. रक्कम किरकोळ दिसते, पण दर महिन्याला दंड भरणारी घरं थोडीथोडकी नाहीत.

आता स्वयंपाकघर. गॅसवरची बचत विजेपेक्षा जास्त समजून घेण्यासारखी आहे, कारण तिथे पैसे वाफ होऊन उडतात, अगदी शब्दशः. एक लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ३०० किलोज्यूल उष्णता लागते. तेच पाणी उकळत ठेवून पूर्ण आटवायचं तर आणखी सव्वाबावीसशेहून जास्त, म्हणजे सातपटींहून अधिक. उकळी फुटल्यावर पातेल्याखालची आच कितीही वाढवली तरी आतलं पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही. वाफ तेवढी जोरात निघते आणि अन्न त्याच वेगाने शिजतं. उकळी आल्यावर आच बारीक करणं आणि झाकण ठेवणं या दोन गोष्टी आजी सांगायची. तिच्या सांगण्यामागचं शास्त्र हे असं.

कुकरचं काम याच्या पुढचं. आतली वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते. पण दाब एकदा भरला की तो टिकवायला फार थोडी आच पुरते. आपल्याकडे शिट्ट्या मोजायची रीत आहे: भाताला तीन, डाळीला चार, राजम्याला कोण जाणे किती. प्रत्येक शिट्टी म्हणजे तापवलेली वाफ बाहेर फेकणं. पहिली शिट्टी झाली की गॅस मंद करावा आणि पुढचा हिशेब मिनिटांचा ठेवावा. शिट्टी वाजली नाही म्हणजे शिजलं नाही, ही भीती दोन-चार दिवसांत जाते. गॅस बंद केल्यावर चमच्याने शिट्टी उचलून वाफ काढण्याची घाईही नको. कुकर आपोआप थंड होईपर्यंत आतलं अन्न फुकटात शिजत असतं.

कुकर लावताना खालच्या डब्यात डाळ, वरच्यात तांदूळ आणि कडेला दोन बटाटे, ही मांडणी बहुतेक घरांत ठाऊक असते. तरी सकाळी डाळ, दुपारी बटाटे, संध्याकाळी भात असे तीन कुकर लावणारीही घरं आहेत. कुकर लावण्याआधी उद्याच्या भाजीला उकडून काय लागणार आहे एवढं आठवलं तरी पुरे. डाळ अर्धा-पाऊण तास आणि छोले-राजमा रात्रभर भिजवले की शिजण्याचा वेळ चांगलाच उतरतो. बर्नरची ज्योत निळी हवी. ती पिवळी होऊन भांड्याचं बूड काळं करत असेल तर भोकं तुंबलेली आहेत. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. त्यातला चतकोर किलो जरी महिन्याला पातेल्याच्या कडेबाहेर जळत असेल, तरी तीन किलोंवर वर्षाला नुसतं स्वयंपाकघर तापलं.

यातलं काही साधतंय की नाही हे कळायला वही लागतेच असं नाही. भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. दुधाचा खाडा जसा तारखेच्या चौकोनात मांडतो, तसा सिलिंडर लावला त्या दिवशी चौकोनात ‘गॅस’ लिहावं. दोन नोंदींमधले दिवस मोजले की झालं. अडतीस दिवस जाणारा सिलिंडर त्रेचाळीस दिवस गेला तर वर्षातून एक सिलिंडर कमी लागला. मीटरचंही रीडिंग महिन्याच्या एक तारखेला तिथेच लिहावं. बिल आल्यावर कपाळाला हात लावण्यापेक्षा पंधरा तारखेलाच शंभरी गाठली आहे हे कळलेलं बरं. महिन्याचे सगळे खर्च लिहून काढण्याचा सल्ला मी मुद्दामच देत नाही. तो जानेवारीत सुरू होतो आणि संक्रांतीनंतर वही मुलांच्या रफ कामाला जाते.

वाणसामानाकडे वळू. पाकिटबंद वस्तूंच्या नियमांत २०२२ साली दोन बदल झाले आणि त्यांचा परिणाम थेट आपल्या पिशवीवर आहे. पूर्वी तेल, चहा, बिस्किटं, साबणाची पूड अशा ठरावीक वस्तू ठरावीक वजनांतच विकाव्या लागत. ते बंधन गेलं. त्यामुळे एक लिटरच्या पिशवीशेजारी तशीच दिसणारी ८५० किंवा ८८० मिलिलिटरची पिशवी उभी असते. कुठे वजन छापलेलं असतं, कुठे माप. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं हे लक्षात ठेवलं नाही तर तुलनाच करता येत नाही. दुसरा बदल आपल्या बाजूचा. पाकिटावर एककाची विक्री किंमत छापणं बंधनकारक झालं. छापील किमतीच्या जवळपास, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत, प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर इतके पैसे असं लिहिलेलं असतं. किलो किंवा लिटरच्या वरच्या पाकिटावर हाच आकडा प्रति किलो किंवा प्रति लिटर असतो, म्हणून लहान पाकिटाचा आकडा हजाराने गुणून मग दोघांना शेजारी ठेवावं.

समजा एका पिशवीवर एक लिटर आणि १४८ रुपये आहे, दुसरीवर ८६० मिलिलिटर आणि १३२ रुपये. हात आपोआप दुसरीकडे जातो. एककाची किंमत काढली तर दुसरी लिटरमागे दीडशेच्या वर जाते. मोठं पाकीट स्वस्त हा नियमही सगळीकडे चालत नाही. शाम्पूच्या एक-दोन रुपयांच्या पुड्या बऱ्याचदा बाटलीपेक्षा स्वस्त पडतात, कारण तिथे कंपन्यांची स्पर्धा पुडीच्या किमतीवर असते. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्याची गंमत उलटी. किंमत वर्षानुवर्षं पाचच, बिस्किटं तेवढी कमी होत जातात.

कोपऱ्यावरचा वाणी अजून टिकून आहे त्याला कारण आहे. जायफळ, खसखस, शहाजिरं अशा वर्षात दोनदा लागणाऱ्या वस्तू तो दहा-वीस रुपयांच्या देतो. मॉलमध्ये त्याच वस्तूंचं शंभर ग्रॅमचं पाकीट घ्यावं लागतं आणि पुढच्या दिवाळीला ते वास गेलेलं निघतं. रोजचं, जास्त खपाचं सामान जिथे एककाला स्वस्त तिथून आणि क्वचित लागणारं वाण्याकडून सुटं, असा सरळ हिशेब. घरपोच सामान दहा मिनिटांत आणून देणाऱ्या ॲपचा प्रश्न दरापेक्षा वेगळा आहे. कोथिंबीर मागवायची असते, घरपोच आणण्याचा आकार वाचावा म्हणून टोपली ठरावीक रकमेपर्यंत भरली जाते आणि कोथिंबिरीच्या जोडीला चॉकलेट, चिप्स आणि तिसरा हँडवॉश येतो. यादी डब्यांसमोर उभं राहून करावी, झाकणं उघडून. आठवणीवर केलेल्या यादीत साखर असतेच, घरात चार किलो असली तरी.

बेगमीबद्दल माझं मत थोडं वाकडं आहे. उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरण्याची पद्धत फार शहाणपणाची होती, कारण सुगीचे भाव आणि नंतरचे भाव यांत अंतर असे आणि ठेवायला माळा, कणगी, अंगण होतं. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दीड-दोनशे किलो गहू भरले, पावसाळ्याची दमट हवा लागली आणि टोके पडले, की वाचलेले पैसे तर जातातच, वर पाखडायला वेळ जातो. गहू तीन-चार महिन्यांचाच भरावा. तूरडाळ मात्र नवी आल्यावर घेऊन, ऊन दाखवून, एरंडेल चोळून ठेवली तर चांगली टिकते. हळद आणि मिरची खुशाल वर्षाची घ्यावी. दोन्हींची आवक फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये असते आणि कांडप गिरणीवर डोळ्यांसमोर कुटून घेतलेलं तिखट पाकिटातल्यापेक्षा रंगाला आणि चवीलाही सरस पडतं. कांद्याच्या बाबतीत जात बघावी. मार्च ते मेमध्ये निघणारा उन्हाळ कांदा टिकतो. पोत्यात कोंडला नाही, हवेशीर पसरून ठेवला तर दिवाळीच्या तोंडाला, जेव्हा भाव सहसा चढलेले असतात, तेव्हा घरात कांदा असतो. पावसाळ्यानंतर येणारा लाल कांदा साठवायचा नसतो.

औषधं हा ज्येष्ठ माणसं असलेल्या घराचा मोठा दरमहा खर्च, आणि तिथे बचत करायला माणसं सगळ्यात जास्त बिचकतात. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्यांच्या पट्टीवर कंपनीच्या ठळक नावाखाली औषधाचं मूळ नाव असतं: टेल्मिसार्टन, अमलोडिपिन, मेटफॉर्मिन. त्याच मूळ नावाची, तेवढ्याच मिलिग्रॅमची गोळी जनऔषधी केंद्रात पुष्कळदा निम्म्याहून कमी किमतीत मिळते. पट्टी घेऊन डॉक्टरांकडे जावं, बदलली तर चालेल का विचारावं आणि त्यांनी हो म्हटल्यावरच बदलावी. हा प्रश्न विचारण्यात कमीपणा काहीच नाही. औषध आयुष्यभर घ्यायचं आहे.

रोज लोकलने जाणाऱ्यांसाठी दोन ओळी. रेल्वेचा तीन महिन्यांचा पास महिन्याच्या पासाच्या २.७ पट किमतीत मिळतो, सहा महिन्यांचा ५.४ पट आणि वर्षाचा १०.८ पट. म्हणजे वर्षाचा काढला तर सव्वा महिन्याचा प्रवास जवळपास फुकट. नोकरी पक्की असेल आणि एकदम पैसे काढता येत असतील तरच हे जमतं, हे खरं. हप्त्याने जगणाऱ्याला प्रत्येक गोष्ट महाग पडते, ती अशी. एसटीने जाणाऱ्या बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत. त्यासाठी वयाचा पुरावा जवळ ठेवावा लागतो.

एवढं करून महिन्याला आठशे-हजार सुटले, तर ते दिसतात कुठे? बहुतेक घरांत कुठेच नाही. खात्यात राहिलेले पैसे महिनाअखेरीला बाहेरच्या जेवणात जिरतात. पूर्वी बायका ते डाळीच्या डब्यात ठेवत, आणि ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बाद झाल्यावर कितीतरी डब्यांतली गुपितं नवऱ्यांसमोर उघडी पडली. डब्यातल्या पैशाला व्याज नव्हतं, पण तो नजरेआड होता, आणि ते फार महत्त्वाचं होतं. आज तेच काम पोस्टाचं आवर्ती खातं करतं. महिन्याला शंभर रुपयांपासून ते सुरू होतं आणि मुदत पाच वर्षांची असते. वीज बिल चारशेने उतरलं की लगेच चारशेचं खातं उघडावं. पगाराच्या दुसऱ्या दिवशी रक्कम आपोआप वळती झाली पाहिजे. भिशी लावायची तर हरकत नाही, पण तिच्यात व्याज नसतं आणि पहिल्या फेरीला रक्कम उचलणारी व्यक्ती शेवटपर्यंत हप्ते भरेल या भरवशावर सगळा डोलारा उभा असतो. गल्लीतली, वर्षानुवर्षं ओळखीची भिशी वेगळी आणि व्हॉट्सॲपवर कोणीतरी जोडून दिलेली वेगळी.

काही ठिकाणी हात आखडता घेऊ नये. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा वापरणं हे त्यातलं पहिलं. वडे तळून उरलेलं तेल गाळून दुसऱ्या दिवशी फोडणीला संपवणं ठीक, पण काळपट, फेसाळणारं, लवकर धुरावणारं तेल टाकूनच द्यावं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून व्यावसायिक तळणाऱ्यांनाही अशा बिघडलेल्या तेलावर मर्यादा घातली आहे. कुकरची रिंग सैल झाली, कडेने वाफ निघायला लागली की ती बदलावी. जुनी रिंग चालवून जेवढे वाचतात त्याहून जास्त गॅस जातो. आणि शेगडीला जोडलेली सुरक्षा नळी. तिचं आयुष्य पाच वर्षांचं असतं आणि तारीख नळीवरच छापलेली असते. ओट्याखाली वाकून, मोबाइलचा दिवा लावून ती एकदा वाचावी. तारीख उलटून गेली असेल तर गॅस एजन्सीला सांगून नळी याच आठवड्यात बदलून घ्यावी.